गाजरगवत आलं कुठून, जिंकलं कसं?

धुऱ्यावर, पडीत जागेवर पांढऱ्या फुलांचं गाजरगवत आपण रोज बघतो. आपल्या आज्यांच्या लहानपणी ते इथे कोणाच्या ओळखीचं नव्हतं.

त्याचं मूळ मेक्सिकोकडचं. पुण्यात ते १९५५ साली दिसलं. अमेरिकेच्या गव्हातून बी आलं असं म्हणतात, आणि लोकांनी नाव ठेवलं ‘काँग्रेस गवत’. पण त्या गव्हाचा मोठा करार झाला १९५६ मध्ये. गवत त्याआधीच हजर होतं!

मग ते देशभर पसरलं कसं? एका झाडाला हजारो बिया, आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. पण खरी लढाई मातीत चालते. त्याच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या पानांतून मारक रस मातीत उतरतो. शेजारचं बी नीट उगवत नाही. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू पिकाला नत्र देतात. त्या गाठीही कमी होतात. वरून गवत कापलं, तरी मातीतलं काम थांबत नाही.

म्हणून फुलावर येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटा. खाज सुटते, हातात मोजे घाला. ताजं गवत वावरात गाडू नका.

आणि आपला तरोटा विसरू नका. ज्याची कोवळी भाजी आपण खातो, तोच दाट वाढला की गाजरगवताला दाबतो. यंदा भाजी खुडताना काही झाडं शेंगांवर येऊ द्या. पिकलेलं बी पावसाआधी पडीत जागेवर फेका.