फर्डिनांड : परक्या वेशात घरी आलेले नाव

फर्डिनांड हे जर्मानिक मूळ असलेले पुरुषनाम. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ते फर्नांदो, कातालानमध्ये फेर्रान, इटालियनमध्ये फेर्दिनांदो आणि फेर्रान्ते, फ्रेंचमध्ये फेर्दिनां आणि फेर्नां, हंगेरियनमध्ये नान्दोर. पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेचा जो म्होरक्या मराठी शालेय पुस्तकांत फर्डिनांड मॅगेलन असतो, तो त्याच्या पोर्तुगालमध्ये फेर्नांव आणि ज्याच्या चाकरीत त्याने ती मोहीम काढली त्या स्पेनमध्ये फर्नांदो किंवा एर्नांदो. गोवा, वसई आणि मुंबईत ठायी ठायी भेटणारे फर्नांडिस हे आडनावही याच नावापासून निघाले आहे.

जुन्या जर्मानिक टोळ्यांत नाव घडवण्याची रीत ठरलेली होती. शूर, कीर्ती, लांडगा, भाला, शांती अशा मोजक्या शब्दांतले दोन घ्यायचे आणि एकमेकांना जोडायचे. जोडून अर्थ लागलाच पाहिजे अशी सक्ती नसे. बापाच्या नावातला एक तुकडा आणि आजोबांच्या नावातला दुसरा, एवढ्यावरही बारसे उरकत असे. हिल्देगुन्द या स्त्रीनामातल्या दोन्ही शब्दांचा अर्थ लढाई असाच होतो. फर्डिनांडचा उत्तरार्ध धाडस या अर्थाचा आहे, आणि त्याला चांगला पुरावा आहे. चौथ्या शतकात झालेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरात येशूचा देह मागायला अरिमथाईचा योसेफ पिलाताकडे धीर करून जातो, त्या जागी याच धातूपासून बनलेले क्रियापद आले आहे. वाद पूर्वार्धाचा. काही अभ्यासकांना त्यात प्रवास या अर्थाचा शब्द दिसतो. आजच्या जर्मनमधला ‘फार्ट’ तो हाच. इतरांना फ्रीडरिश या नावात असलेला शांतीवाचक शब्द दिसतो. बाळांच्या नावांची पुस्तके डोळे मिटून पहिला पर्याय उचलतात आणि ‘धाडसी प्रवासी’ असा अर्थ छापून मोकळी होतात. पुढे या नावाने केलेली भटकंती पाहता तो मोह समजण्याजोगा आहे. मात्र उत्तर स्पेनमधल्या लेओन राज्याच्या जुन्या लॅटिन दस्तऐवजांत फ्रेदेनान्दुस अशी रूपे आढळतात. त्यात ‘र’ अजून ‘फ’ला चिकटून आहे, म्हणजे पारडे शांतीकडे झुकते.

हे नाव आयबेरियात आणले विसिगॉथांनी. पाचव्या शतकात ते पिरेनीज ओलांडून उतरले, पुढे तोलेदोला राजधानी करून राहिले आणि ७११ साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सैन्यापुढे त्यांचे राज्य कोसळले. त्यांची भाषा त्याआधीच विरत चालली होती; स्पॅनिश शब्दसंग्रहात तिचा ठसा अगदी पुसट आहे. नावांचे मात्र उलटे झाले. रोद्रिगो, आल्फोन्सो, आल्वारो, गोन्सालो, एल्विरा ही सगळी मूळची जर्मानिक नावे लॅटिन बोलणाऱ्या प्रजेने इतकी आपलीशी केली, की आज ती अस्सल स्पॅनिश वाटतात. फर्नांदो त्यांच्यापैकीच. गंमत अशी, की खुद्द विसिगॉथ राजांच्या यादीत एकही फर्नांदो नाही.

नावाला वजन आले ते कास्तीलमध्ये. दहाव्या शतकात फेर्नान गोन्सालेस या सरदाराने लेओनच्या राजाला न जुमानता कास्तीलचा कारभार जवळपास स्वतंत्रपणे चालवला. ९७० मध्ये तो वारला आणि पुढे त्याच्यावर काव्ये झाली. अकराव्या शतकात पहिला फर्नांदो कास्तील आणि लेओनचा राजा झाला आणि नाव राजघराण्यात शिरले. तिसऱ्या फर्नांदोने १२३० मध्ये ही दोन्ही राज्ये कायमची एकत्र आणली, १२३६ मध्ये कोर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिया जिंकले. १६७१ मध्ये पोपने त्याला संतपद दिले. संतांच्या यादीत बसल्यावर नाव देवळांवर, गावांवर आणि वसाहतींवर लागायला वेळ लागत नाही. १७९७ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रान्सिस्कन पंथीयांनी बांधलेल्या मिशनला त्याचे नाव दिले गेले आणि त्यावरून लॉस एंजेलिसजवळचे खोरे सान फर्नांदो झाले.

दरम्यान कास्तीलच्या बोलीत एक मोठा बदल होत होता. शब्दारंभीचा ‘फ’ आधी ‘ह’ झाला आणि मग उच्चारातून गळून पडला. पिठाला लॅटिनमध्ये ‘फारिना’, स्पॅनिशमध्ये ‘आरिना’. लिहिताना आरंभीचा मुका ‘ह’ तेवढा उरला. फर्नांदोचा एर्नांदो आणि फेर्नानचा एर्नान झाला तो याच ओघात. दरबारी कागदांतले फर्नांदो हे भारदस्त रूपही टिकून राहिल्यामुळे स्पॅनिशमध्ये दोन्ही चालतात. मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसला जग एर्नान म्हणते, पण त्याच्या हयातीत तो एर्नांदो आणि फर्नांदोही होता. अमक्याचा मुलगा या अर्थाचा ‘एस’ प्रत्यय लागून फर्नांदेस आणि एर्नांदेस ही आडनावे झाली. त्यांतले दुसरे आज मेक्सिकोतले सर्वांत सामान्य आडनाव आहे. पोर्तुगीजांनी आपला ‘फ’ सोडला नाही. गोव्यात फर्नांडिस सापडतात, हर्नांडिस सापडत नाहीत, याचे कारण ध्वनिबदलाच्या या सीमारेषेत आहे.

कास्तीलचा फर्नांदो नावाचा एक राजपुत्र १४१२ मध्ये कास्पे इथे झालेल्या वारसाच्या निवाड्याने आरागोनचा राजा झाला आणि नाव पूर्वेकडे सरकले. त्याचा एक नातू फेर्रान्ते या नावाने नेपल्सच्या गादीवर बसला. दुसरा नातू कास्तीलची राणी इसाबेला हिचा नवरा, १४९२ मध्ये ग्रानादा घेणारा आणि कोलंबसला समुद्रावर धाडणारा फर्नांदो. कोलंबसने त्याच वर्षी बहामामधल्या एका बेटाला फर्नांदिना असे नाव देऊन राजाचे ऋण फेडले. इंग्लंडमध्ये हे नाव घराघरात कधी रुजले नाही, पण शेक्सपिअरने ‘द टेम्पेस्ट’मध्ये नेपल्सच्या राजपुत्राला फर्डिनांड म्हटले ते नेपल्सला शोभणारेच होते. पुढे याच नेपल्समध्ये १७५९ साली गादीवर आलेला एक राजा नेपल्सचा चौथा, सिसिलीचा तिसरा आणि १८१६ मध्ये दोन्ही राज्ये जोडल्यावर पहिला फेर्दिनांदो झाला. एकाच माणसाला तीन क्रमांक. इतिहासाच्या विद्यार्थ्यांची चांगलीच फजिती.

नावाच्या प्रवासातला खरा कलाटणीबिंदू १५०३ सालचा. त्या वर्षी माद्रिदजवळच्या आल्काला दे एनारेसमध्ये इसाबेला आणि फर्नांदोच्या मुलीला मुलगा झाला. त्याला आईच्या वडिलांचे नाव मिळाले आणि तो आजोबांच्या नजरेखाली स्पॅनिश बोलत वाढला. त्याचा थोरला भाऊ कार्ल जन्मला आणि वाढला फ्लँडर्समध्ये. वाटणी मात्र अशी झाली, की स्पेन न पाहिलेल्या कार्लला स्पेन मिळाले आणि स्पेनमध्ये वाढलेल्या धाकट्याला १५१८ मध्ये देश सोडावा लागून शेवटी ऑस्ट्रिया. हा धाकटा १५२६ नंतर बोहेमिया आणि हंगेरीचा राजा, तर पुढे पवित्र रोमन सम्राट पहिला फर्डिनांड झाला. जर्मन भाषक मुलखात हे नाव तोवर जवळजवळ नव्हतेच. हजारेक वर्षांपूर्वी जर्मानिक टोळ्यांबरोबर बाहेर पडलेले नाव स्पॅनिश राजपुत्राच्या अंगावरून, लॅटिन पोशाखात आपल्या भाषाकुळात परतले, आणि आपलेच आहे हे कोणी ओळखले नाही.

व्हिएन्नाने ते उचलून धरले. तीस वर्षांच्या युद्धाची सुरुवात दुसऱ्या फर्डिनांडशी आणि अखेर तिसऱ्याशी बांधलेली आहे. १८३७ मध्ये ऑस्ट्रियात वाफेच्या इंजिनावर धावणारी पहिली रेल्वे सुरू झाली, तिचे नाव सम्राट फर्डिनांड उत्तर रेल्वे. तो सम्राट प्रकृतीने दुबळा होता. लोक त्याला ‘दयाळू’ म्हणत, आणि १८४८च्या क्रांतीत त्याला पद सोडावे लागले.

एकोणिसाव्या शतकात सॅक्स-कोबुर्ग घराण्याच्या एका शाखेने या नावाचा अक्षरशः व्यापार मांडला. शाखेचा मूळ पुरुष प्रिन्स फर्डिनांड. त्याचा व्हिएन्नात जन्मलेला मुलगा १८३६ मध्ये पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिच्याशी लग्न करून पुढे राजा दुसरा फर्नांदो झाला. सिन्त्राच्या डोंगरावरचा रंगीबेरंगी पेना राजवाडा त्यानेच उभारला. त्याचा पुतण्या १८८७ मध्ये बल्गेरियाच्या गादीवर बसला, तोही फर्डिनांड. फर्नांदोच्या मुलीचा मुलगा १९१४ मध्ये रोमानियाचा राजा झाला आणि तोही फर्डिनांडच. त्याच वर्षी सारायेव्होत आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून होऊन महायुद्ध पेटले, आणि १९१६ पासून बल्गेरियाचा फर्डिनांड आणि रोमानियाचा फर्डिनांड, एकाच मूळ पुरुषाचे वंशज असलेले दोन राजे, एकमेकांविरुद्ध उभे ठाकले. युद्धानंतर मध्य युरोपातल्या गाद्या गेल्या आणि नावाचा राजेशाही रुबाबही ओसरला.

हंगेरियन लोकांनी वेगळीच वाट काढली. नान्दोर हा मुळात बल्गार लोकांसाठी वापरला जाणारा जुना शब्द. बेलग्रेडचे जुने हंगेरियन नाव नान्दोरफेहेरवार त्यातूनच आले. भाषेचे देशीकरण जोरात असताना, ध्वनी जुळतो म्हणून तो फर्डिनांडचा पर्याय ठरवला गेला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोघांचा काडीचा संबंध नाही, पण १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडविरुद्ध तीन गोल करणारा नान्दोर हिदेगकुती ज्या भाषेत जन्मला तिथे हेच खरे रूप मानले जाते. फ्रान्समध्ये आखूड फेर्नां लोकप्रिय झाले. चित्रकार फेर्नां लेजे, इतिहासकार फेर्नां ब्रोदेल हे त्या लाटेतले.

पोर्तुगालमध्ये या नावाला एक लपलेला संत आहे. पादुआचा संत अँथनी, गोव्याच्या घराघरातला सांत आंतोन, लिस्बनमध्ये जन्मला तेव्हा फर्नांदो होता. १२२० मध्ये फ्रान्सिस्कन झाल्यावर त्याने नाव बदलले. त्याचा सण १३ जूनला असतो. १८८८ मध्ये नेमक्या त्या दिवशी लिस्बनमध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव म्हणूनच फर्नांदो अँतोनियो ठेवले गेले. तो मुलगा म्हणजे कवी फर्नांदो पेसोआ.

गोव्याच्या इतिहासात या नावाचा एक भीषण अध्यायही आहे. फेर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई आदिलशाहीला जाऊन मिळाला आणि मुसलमान झाला. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडला तेव्हा त्याने जिवाच्या अभयावर शरणागती पत्करली. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने जीव घेतला नाही, पण नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा छाटला. मायदेशी परतताना लोपिश वाटेत सेंट हेलेना बेटावर उतरला आणि तिथला पहिला ज्ञात रहिवासी ठरला.

आपल्याकडे फर्नांडिस हे आडनाव पसरले ते बाप्तिस्म्यातून. गोव्यात १५१० नंतर आणि १५३४ ते १७३९ या काळात वसईत नवख्रिस्ती कुटुंबांना धर्मगुरूचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. त्यामुळे एकाच वांगडातल्या, म्हणजे कुळातल्या, घरांची आडनावे वेगवेगळी झाली, तर ज्यांचे रक्ताचे काही नाते नाही अशी शेकडो घरे फर्नांडिस झाली. पोर्तुगीज उच्चारात शेवटचा ‘स’ ‘श’कडे झुकतो आणि मधला ‘द’ दंत्य असतो. मराठी फर्नांडिसमधला ‘ड’ इंग्रजीच्या वाटेने आला. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारे जॉर्ज फर्नांडिस मंगळूरचे, गायक रेमो फर्नांडिस गोव्याचे.

श्रीलंकेत आणि तुतिकोरीनच्या परवर कोळ्यांत आडनाव म्हणून ‘एस’ प्रत्ययाशिवाय सरळ फर्नांडो रूढ झाले. श्रीलंकेत सिंहली कुळनावे आधी येतात आणि पोर्तुगीज नाव अखेरीस, म्हणून तिथला माजी वेगवान गोलंदाज दिल्हारा फर्नांडो याचे पूर्ण नाव काँगेनिगे रंधी दिल्हारा फर्नांडो असे आहे.