आस, वंगण आणि पाणी

चाक कोणी शोधून काढले, या प्रश्नाचा खल इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. परंतु त्या चाकाच्या आसाला पहिल्याने वंगण कोणी घातले, हे सहसा कोणी विचारीत नाही. बैलगाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील काळे तेलकट बोळे आसाला चोपडणाऱ्या गाडीवानाची नोंद मात्र कोणत्याही बखरीत नाही. ही उपेक्षित बाजू आज आम्ही एका साध्या वाहनाच्या निमित्ताने मांडणार आहोत. ते वाहन म्हणजे मोटारीमागे जोडून होडी वाहून नेणारा ट्रेलर.

प्रारंभ इजिप्तपासून करू. तेथील जेहुतीहोतेप नामक प्रांताधिपतीच्या थडग्यात, इ. स. पू. १९०० च्या सुमारास, एक भित्तिचित्र काढले गेले. शेकडो माणसे एक प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढीत आहेत आणि घसरगाडीच्या टोकाशी उभा असलेला एक इसम पुढच्या वाळूवर काहीतरी ओतीत आहे. हा एखादा धार्मिक विधी असावा, असे पुष्कळांना वाटे. २०१४ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी प्रयोगाने दाखविले की, वाळू बेताची ओली केली म्हणजे ओढण्यास सुमारे निम्मेच बळ पुरते. म्हणजे पाणी हेच माणसाचे एक फार जुने वंगण! तेच पाणी पुढे वंगणाचे वैरी कसे झाले, ही आमची खरी कथा आहे.

घासण्यापेक्षा घरंगळणे सोपे, हेही माणसाने लवकरच ओळखले. रोमजवळच्या नेमी सरोवरातील पाणी उतरवून १९२९ ते १९३२ या काळात सम्राट कॅलिग्युलाची दोन जहाजे उघडी करण्यात आली, तेव्हा फिरत्या चौथऱ्याखाली बसविलेले काशाचे गोळे सापडले. १७९४ मध्ये वेल्समधील फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिख फिशरने एकसारखे पोलादी गोळे घासण्याचे यंत्र तयार केले. १८९८ मध्ये अमेरिकेतील गाड्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेनला निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट मिळाले. वरून पडणारे ओझे आणि वळणावरचा आडवा दाब असे दोन्ही ते पेलते. म्हणूनच ट्रेलरच्या चाकात आजही प्रायः तेच असते. या वस्तूचे मोल केवढे, ते महायुद्धाने दाखविले. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवरील एकाच हल्ल्यात अमेरिकेने ६० बाँबफेकी विमाने गमावली.

वंगणाची प्रगती मात्र मुकाट्याने झाली. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेले तेल. चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण उष्णतेने बिघडे. सोड्याचे उष्णता सोशी, पण पाण्यात फुटे. १९४२ मध्ये क्लॅरेन्स अर्लने लिथियमच्या साबणाच्या ग्रीसची पेटंटे घेतली. या ग्रीसने दोन्ही गुण बऱ्याच अंशी एकत्र आणले.

महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी मोटारी झाल्या आणि त्यांच्यामागे होड्याही धावू लागल्या. येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहते. लांबचा रस्ता तुडवून चाकाचा तुंबा तापलेला असतो. उतारावरून ट्रेलर थंड पाण्यात उतरविताच तुंब्यातील हवा एकाएकी आकुंचन पावते, आत अंशतः निर्वात स्थिती होते आणि तुंबा सीलच्या फटीतून पाणी ओढून घेतो. ग्रीस दुधासारखे पांढरट होते, पोलादावर गंज चढतो, त्यात खड्डे पडतात. खारे पाणी असेल तर हे अधिकच लवकर घडते. पुढे भर रस्त्यात बेअरिंग अडकते, आणि चाकच निखळून मागच्या वाहनावर जाऊ शकते.

उपाय अवघड नाहीत. पाण्यात घालण्यापूर्वी तुंबा निवू द्यावा. आत किंचित दाब राखणारी स्प्रिंगची टोपी बसविल्यास पाण्याला मज्जाव होतो. पण तीत ग्रीस अतोनात कोंबले तर मागचे सील फुटते. वर्षातून एकदा तरी बेअरिंग काढून रॉकेलने धुवावे, पूर्ण वाळवावे, खड्डे किंवा निळसर डाग दिसल्यास टाकून द्यावे. तळहातावर ग्रीस घेऊन ते रुळांच्या मधल्या फटींत दाबून भरावे. सील व खिळीची तार नवी घालावी. चाक फिरवीत नट आवळून मग किंचित सैल करावा. दोन जातींची ग्रीसे मिसळू नयेत.

हे सारे कोणालाही जमण्याजोगे आहे. तरीही ते राहून जाते. असे का व्हावे? बैलगाडीचा आस कोरडा पडला की कुरकुरे. साऱ्या वाटेला ऐकू जाई, आणि गाडीवान लाजून नळ्याकडे हात नेई. नवे बेअरिंग अखेरपर्यंत मूकपणे सोसते, आणि ते ओरडू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. यंत्र जितके सुधारते तितकी त्याची तक्रार क्षीण होते. म्हणून तक्रारीची वाट न पाहता काळजी घेण्याची जबाबदारी आपल्यावर येऊन पडते. जुन्या गाडीवानाला ही सवय कुरकुरीने लावली होती. आपल्याला ती बुद्धीने लावून घ्यावी लागेल.