हवा खाण्याची सोय

गिरगावात वाढलेल्या माणसाला संध्याकाळी चौपाटीवर ‘हवा खायला’ निघताना, हवा ही खाण्याची वस्तू कशी, असा प्रश्न कधी पडत नाही. आणि ज्याने वैशाखातली एक दुपार दहा बाय बाराच्या खोलीत, नऊ माणसांच्या सहवासात, उंबऱ्यापाशी चटई टाकून काढली आहे, त्याला तो पडण्याचे कारणही नाही. अन्न, वस्त्र आणि निवारा ह्या यादीत चौथे नाव दाखल करण्याचा अधिकार मुंबईकरांस मिळाला असता, तर त्यांनी ते निःसंशय हवेचेच दाखल केले असते. म्हणून ह्या शहरातील वाहनांच्या अंतरंगाचा, म्हणजे आत बसणाराच्या सुखसोयींचा, इतिहास सांगावयाचा तर तो गाद्यांच्या मऊपणापासून न आरंभिता हवेपासून आरंभावा, असे माझे मत आहे. विलायतेत गाडीचे सुख म्हणजे ऊब. इथे गाडीचे सुख म्हणजे वारा. आणि ह्या एका भेदापायी समुद्रापलीकडून आलेली जवळजवळ प्रत्येक गाडी मुंबईच्या कारागिराच्या हाताखालून पुन्हा एकदा गेली आहे.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत भाड्याच्या गाड्यांमध्ये शिगराम नावाची एक गाडी असे. ‘शीघ्र’ ह्या संस्कृत शब्दावरून निघालेले हे नाव इंग्रजांनीही थोड्याफार फरकाने तसेच उचलले. पालखीला चाके लावावीत तशी तिची घडण : लाकडी पेटी आणि बाजूंना झडपा. घरंदाज स्त्रियांना रस्त्यावरच्या नजरांपासून आडोसा देण्याच्या कामी ती फार उपयुक्त होती. परंतु झडप उघडावी तर आब जातो आणि लावावी तर जीव जातो, अशा पेचात तिच्यातील प्रवास होत असे. त्या काळच्या बायकांनी शिगरामाविषयी काय कैफियत मांडली असती ते कोणी लिहून ठेवले नाही. ठेवले असते तर ह्या लेखाचे निम्मे काम झाले असते.

व्हिक्टोरिया आली आणि हा पेच सुटला, निदान पुरुषवर्गापुरता. राणीचे नाव मिरवणारी ही चार चाकांची, बुटक्या पायरीची घोडागाडी, पुढे उंचावर गाडीवान, मागे रुंद बैठक, समोर दोघांपुरती अरुंद फळी, आणि ह्या सर्वांवर कडी करणारा तो टप. लोखंडी कमानींवर ताणलेला, मागे घडी घालून ठेवता येणारा हा टप म्हणजे हवेच्या बंदोबस्ताचे मुंबईतले पहिले लवचीक साधन होय. ऊन असेल तर वर, संध्याकाळ झाली की खाली, आणि आषाढात तो वर चढवून शिवाय गुडघ्यांवर कातड्याचे आच्छादन. परवाना, गाडीचा नंबर, भाड्याचे दरपत्रक अशा सरकारी दस्तुरात जखडलेल्या ह्या गाडीत (१९२० सालचा सार्वजनिक वाहनांचा कायदा तिलाही लागू होता) टप वर घ्यावा की खाली, एवढे एक मात्र बसणाराच्या मर्जीवर असे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली ह्या गाड्या बंद करण्याचा निकाल दिला तेव्हा त्या केवळ पर्यटकांच्या हौसेपुरत्या, चांदीच्या पत्र्याचा भपका करून उरल्या होत्या. घोड्यांची स्थिती पाहता निकाल योग्यच होता.

टप शिवणारा कारागीर मात्र घोड्याबरोबर संपला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मुंबईत मोटारी उतरू लागल्या आणि १९११ पासून त्या टॅक्सी म्हणून धावू लागल्या. ह्या आरंभीच्या मोटारी बहुतांशी उघड्याच असत, त्यांच्यावर कापडी हूड असे, आणि तो फाटला म्हणजे त्याला व्हिक्टोरियाचा टप शिवणाराचाच दाभण लागे. घोड्याच्या जागी इंजिन आले तरी बसण्याची तऱ्हा तीच राहिली. खरा बदल घडला तो गाडीला लोखंडी छप्पर कायमचे बसले तेव्हा. १९२८ साली जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीने लालबाग-परळच्या शेजारी शिवडीला आपला कारखाना काढला आणि परदेशातून आलेले सुटे भाग जोडून तेथे गाड्या बाहेर पडू लागल्या. हिंदुस्थानातला हा असा पहिलाच कारखाना. बंद टपाची गाडी थंड मुलुखात वरदान. परंतु शिवडीच्या उन्हात उभी राहिलेली तीच गाडी म्हणजे भाकरीचा तवा. खिडकीची काच पूर्ण खाली करावी तर धूळ, पाऊस आणि केसांची दुर्दशा. वर करावी तर शिगरामाचा जुना पेच पुन्हा दत्त म्हणून उभा.

ह्याच कंपनीने १९३३ साली अमेरिकेत आपल्या गाड्यांच्या दारांत एक लहानशी तिकोनी काच बसवली. उभ्या कण्याभोवती फिरणारी ही काच थोडी बाहेर उघडली की तिच्या मागच्या कडेवरून आतली कोंदट हवा ओढली जाई, आणि पूर्ण फिरवून उलटी धरली की बाहेरचा वारा ओंजळीने घ्यावा तसा थेट आतल्याच्या अंगावर येई. मूळ हेतू असा की, थंडीच्या दिवसांत वाऱ्याचा झोत अंगावर न घेता सिगारेटचा धूर आणि काचेवरचे धुके बाहेर जावे. मुंबईने हा हेतू साफ दुर्लक्षिला. झोत टाळण्यासाठी केलेली युक्ती आम्ही झोत घेण्यासाठी वापरली, आणि पुढची पन्नास-साठ वर्षे ह्या तळहाताएवढ्या काचेने ह्या शहराला जेवढे सुख दिले तेवढे पुढे आलेल्या कोणत्याही यंत्राने दिले असेल, ह्याविषयी मला शंका आहे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांची आवक आटली, शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला, आणि मुंबईच्या वाट्याला कुर्ल्याची फियाट आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकन गाड्या जोडल्या. मग इटलीच्या फियाटशी करार करून १९५४ पासून ‘अकराशे’ काढली. तिच्या गोलमटोल अंगावरून लोकांनी तिचे नाव ‘डुक्कर फियाट’ पाडले. नाव हिणकस, पण त्यात लडिवाळपणा होता. ह्या डुक्कर फियाटची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत. नऊवारी नेसलेल्या बाईला आत शिरावयास ते सोयीचे, परंतु धावत्या गाडीत कडी सैल सुटली तर वारा दार हिसकून घेई. पुढील गाड्यांत ती सरळ झाली. गिअरचा दांडा जमिनीवर नसून स्टेअरिंगच्या नळीवर असल्याने पुढची बैठक अखंड बाकासारखी राहिली, आणि कायद्याने टॅक्सीत चौघांनाच मुभा असली तरी त्या बाकाने लग्नसराईत काय काय सोसले, ते बाकालाच ठाऊक. १९७४ पासून ह्याच गाडीला ‘पद्मिनी’ हे राजस्थानी राणीचे नाव मिळाले. राणीच्या नावाची घोडागाडी आणि राणीच्या नावाची मोटार, असा योग मुंबईला दोनदा आला.

ह्या गाडीच्या तिकोनी काचेशी माझा प्रथम परिचय झाला तो वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी, दादरच्या हिंदू कॉलनीत एका मुंजीला जाताना. आम्ही मुले धरून सातजण, आजी पुढच्या बाकावर डाव्या खिडकीशी, तिच्या मांडीवर मी. टॅक्सीत बसण्याचा प्रसंग आमच्या चाळीत वर्षातून दोनदा येई; लालबाग-परळच्या गिरणगावात तर टॅक्सी दाराशी उभी राहिली की बाई वाडिया वा के.ई.एम. इस्पितळात चालली, किंवा नवरी सासरी चालली, ह्यांपैकीच काही तरी असावयाचे. आजीने पदराने मान पुसली आणि आपल्या खास हिंदीत फर्मावले, “भाईसाब, वो तिकोनी काच जरा फिराव.” टॅक्सी चालवणाऱ्या सरदारजींनी स्टेअरिंग न सोडता हात लांबवून काचेची खिट्टी वर केली, काच उलटी फिरवली आणि तिच्या सैल झालेल्या कण्यात आगपेटीची एक काडी मोडून खोचली, काडी नसती तर काच गाडीच्या वेगाने पुन्हा आपोआप मिटली असती. वारा थेट आजीच्या कपाळावर आला. तिचे कुंकू त्या दिवशी कोरडे राहिले, एवढे मला पक्के आठवते. भायखळ्याचा पूल उतरून गाडी लालबागेत शिरली, आणि मसाल्यांच्या दुकानांपुढे कुटलेल्या मिरचीची बारीक पूड त्याच काचेने इमानेइतबारे ओढून आमच्या नाकांत भरली. सातही जण परळ नाक्यापर्यंत शिंकत होतो. सरदारजी हसत होते आणि शिंकतही होते. तरीही काच मिटावी असे कोणीच म्हणाले नाही.

गाद्यांविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण त्यांचे माहेरघर आमच्याच हद्दीत, ऑपेरा हाऊसच्या परिसरात होते. १९१९ सालची बॉम्बे सायकल अँड मोटर एजन्सी ही जुनी पेढी तिथलीच. तिच्या आसपासच्या रस्त्यांवर मोटारीच्या अंतर्भागाचे सामान विकणारी आणि बसवणारी दुकाने पसरली. तिथल्या फुटपाथवर एखादी बैठक उलटी पाडून उसवलेली पाहिली की आतला सगळा संसार दिसे : तळाशी तारेच्या स्प्रिंगा, त्यांच्यावर गोणपाट, गोणपाटावर नारळाच्या काथ्याचा थर, त्यावर कापूस, आणि शेवटी रेक्झिन. कारागीर तोंडात खिळे धरून बोले आणि बोलताना एकही खिळा खाली पडत नसे. रेक्झिन हे दिसायला चामड्यासारखे आणि पुसायला सोपे. पण एप्रिलमध्ये अर्धा तास उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत उघड्या पोटऱ्यांनी बसण्याचा ज्याने प्रमाद केला, त्याने तो दुसऱ्यांदा केला नसेल. म्हणून त्यावर टर्किश टॉवेल, त्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली चटई, आणि गाडी नवी असल्यास मूळचे पारदर्शक प्लॅस्टिक वर्षानुवर्षे तसेच. ह्या शेवटच्या प्रथेचे समर्थन मला करता येत नाही. सुखासाठी घेतलेली वस्तू खराब होऊ नये म्हणून तिच्यावर घामेजून बसणे, ह्यात काटकसर आहे की हौस, हे मला अजून उमगलेले नाही.

टॅक्सीवाल्यांनी तर बैठकीबरोबर छतही सोडले नाही. डोक्यावर फुलाफुलांचे, वेलबुट्टीचे, मोराचे छापील प्लॅस्टिक ताणून बसवण्याची चाल पडली, आणि २०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ ह्या उपक्रमात तरुण चित्रकारांनी ह्याच बैठका आणि छते आपल्या नक्षीने नटवली. लॅमिंग्टन रोडवरच्या विजेच्या सामानाच्या दुकानांतून गाडीत रेडिओ आला. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओलाही सरकारी परवाना लागे, त्यामुळे गाणे ऐकणे हीदेखील दफ्तरी नोंदीची बाब होती.

हवेचा प्रश्न पुढे दोन वाटांनी गेला. पहिली वाट छोट्या पंख्याची : डॅशबोर्डावर गणपतीच्या शेजारी, बाहेर दिसेल अशा बेताने बसवलेला हा पंखा फक्त चालकाचा, मागच्याला त्याचा आवाज तेवढा मिळे. दुसरी वाट वातानुकूलनाची. अमेरिकेत ही सोय दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरच गाडीत आली होती. इकडे फियाटचे चाळीसेक अश्वशक्तीचे, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन स्वतःचाच भार जेमतेम ओढी, त्यातला वाटा थंडाव्याच्या यंत्राला देण्याची त्याची ऐपत नव्हती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, मग हळूहळू काच वर करून बसणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. नव्या गाड्यांच्या दारांतून तिकोनी काच गेली आणि तिच्या जाण्याची कोणी साधी तक्रारही केली नाही. नव्वदीच्या अखेरीस निळ्या ‘कूल कॅब’ आल्या, त्यांचे भाडे जास्त. म्हणजे हवेला प्रथमच दरपत्रकात जागा मिळाली. काच बंद झाली तसा शिगरामाचा पडदाही परत आला, काळ्या फिल्मच्या रूपाने. तो सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काढायला लावला. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्या प्रवाशालाही पट्टा बांधणे सक्तीचे झाले, तेव्हा अनेक गाड्यांत असे आढळले की पट्ट्याचे कुलूप हौसेने शिवून घेतलेल्या कव्हराखाली कायमचे गाडले गेले आहे. आजकाल ॲपवरून बोलावलेल्या गाडीत बसल्यावर पहिला संवाद ‘ए.सी. लावता का?’ हाच होतो, आणि चालक इंधनाचा हिशेब मनात मांडून काच अर्धी खाली करतो. आजीचा तो हुकूम सरदारजींनी एका काडीच्या खर्चात पाळला होता.

काळी-पिवळी म्हणून अखेरची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खासगी मालकीच्या मात्र थोड्या आहेत. आमच्या शेजारच्या वाडीत जिन्याखाली एक पांढरी फियाट ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली आहे. तिचे मालक, वय ऐंशीच्या पुढे, दर रविवारी सकाळी ताडपत्री मागे सारतात, किल्ली न लावता पुढे बसतात, आणि दोन्ही तिकोनी काचा पूर्ण उलट्या फिरवून पेपर वाचतात. इंजिन वर्षभरात सुरू झालेले मी पाहिले नाही. हे कशासाठी, असे मी एकदा विचारले, तेव्हा पेपरमधून मान वर न करता ते म्हणाले, “रेक्झिनला बुरशी धरते हो. आठवड्यातून एकदा तिला हवा खायला नको?”