इतवारीतील धान्य आणि विणकराची भूक

दुष्काळ म्हटला म्हणजे भेगाळलेली शेते डोळ्यांपुढे उभी राहतात. थांबलेला हातमाग सहसा कोणास आठवत नाही. वस्तुतः आपल्या पूर्वजांवर, म्हणजे नागपूरच्या विणकरांवर, दुष्काळाचा घाला शेतकऱ्यांइतकाच कठोर पडे. पीक बुडाले की कुणबी नवे लुगडे, नवे धोतर घेईनासा होई. त्यातच १८७७ साली येथे एम्प्रेस मिल सुरू झाली व स्वस्त गिरणी कापडाशी मागाची स्पर्धा आली. रेल्वेने धान्य इतवारीच्या पेठेत येई. पण ते घेण्यास विणकराच्या गाठी पैसा नसे. सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील १८८० च्या दुष्काळ आयोगानेही हेच ओळखले होते की, दुष्काळात धान्याइतकाच रोजगाराचा तुटवडा जीवघेणा असतो.

पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ आले. दुसऱ्यात मध्यप्रांतात वीस लक्षांहून अधिक लोक सरकारी मदतीवर जगत होते आणि ठिकठिकाणी अन्नछत्रे उघडावी लागली. तरीही १९०१ च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. मदतीची कामे म्हणजे खडी फोडणे व तलाव खोदणे. बारीक सुताला सरावलेला हात खडी फोडून राठ झाला की मागावर तो पूर्ववत कसा चालावा? म्हणूनच सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या १९०१ च्या आयोगाने विणकरांस त्यांच्याच धंद्यात मदत द्यावी, असे सुचविले. घराबाहेर न पडणाऱ्या स्त्रियांस मदत घरी पोचविण्याची तरतूदही दुष्काळ-संहितेत होती. अब्रूदार माणूस उपाशी राहील, पण रांगेत उभा राहणार नाही, ही गोष्ट परक्या सरकारासही उमगली होती!

आज तसे दुष्काळ राहिले नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांस स्वस्त धान्याचा हक्क मिळाला. परंतु २०२० च्या टाळेबंदीने दाखवून दिले की, रोजंदारी थांबली की चूल थांबावयास फार दिवस लागत नाहीत. अशा वेळी सर्वांत आधी कळते ते शेजाऱ्यास.

म्हणून आम्ही समाजबांधवांपुढे व भगिनींपुढे एक जुनाच मार्ग ठेवतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांसाठी घरोघरच्या माउलींनी मूठ-मूठ धान्य बाजूस काढले. त्या मुष्टिफंडावर गरिबांची मुले शिकली. आपल्या घरीही रोज स्वयंपाकापूर्वी एक मूठ तांदूळ वा डाळ वेगळी ठेवावी आणि महिन्याअखेर मंडळाच्या कोठीत जमा करावी. ज्या घरी अडचण असेल तेथे ती अंधार पडल्यावर, नाव न पुकारता, या हाताचे त्या हातास न कळता पोचावी. घेणाऱ्याचे छायाचित्र काढू नये, त्याचे नाव स्मरणिकेत छापू नये. आणि हात काम करू शकत असतील तर धान्याबरोबर कामही द्यावे. आपल्या पूर्वजांनी उपासमारीतही जपलेली अब्रू आपण शेजाऱ्याचीही जपली, तरच त्यांचे ऋण फिटेल.