घरकुलाची यादी

वर्धा जिल्ह्यातल्या आंजी (मोठी)सारख्या गावात ‘यादीत नाव आलं का?’ असं कुणी विचारलं, की यादी कसली हे सांगावं लागत नाही. ती घरकुलाची.

1985-86 मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. पुढे दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणातले गुण प्रतीक्षायादीतला क्रमांक ठरवू लागले. क्रम ठरला, तरी ग्रामसभेतले वाद काही मिटले नाहीत. 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली आणि आधार झाला 2011 च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेचा. त्यातून सुटलेल्यांसाठी पुन्हा सर्वेक्षण झालं. तीच गावोगावी गाजलेली ‘ड’ यादी. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, अशा वाटाही होत्याच.

नाव लागलं तरी खरी अडचण जागेची. ग्रामपंचायतीचा नमुना 8 नसेल, तर सपाट भागातलं 1 लाख 20 हजारांचं अनुदान कागदावरच राहतं. म्हणून 2015 मध्ये राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने जागाखरेदीसाठी वेगळं अर्थसाहाय्य आणलं. हे खरं तर आधीच सुचायला हवं होतं!

घर किमान 25 चौरस मीटरचं. जोत्यापर्यंत काम आलं, की मोबाइलवर फोटो निघतो, आणि मग पुढच्या हप्त्यासाठी बँकेतल्या चकरा सुरू होतात.