धीर : धरलेला आणि दिलेला

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की आठ-दहा किलोमीटरवर पवनार येते. धाम नदीचा पूल, पात्रात उघडे पडलेले काळे खडक आणि काठाच्या टेकाडावर परंधाम आश्रम. १९३८ साली प्रकृती ढासळलेली असताना विनोबा इथे राहायला आले आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. मराठी ख्रिस्ती साधनेवरच्या लेखसंग्रहाची प्रस्तावना इथून का सुरू व्हावी, असे कुणी विचारील. नव्या करारातली वचने निवडून ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध करणारे विनोबा याच आश्रमातले, हे एक कारण. दुसरे कारण वर्ध्याच्या मगनवाडीत सापडते. त्याकडे पुढे येतो.

संकटातून श्रद्धा कशी वाढते, हा या अभ्यासक्षेत्राचा मध्यवर्ती प्रश्न. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने त्याची साखळीच मांडली आहे : संकट, त्यातून धीर, त्यातून शील, शेवटी आशा. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखालून बाजूला न होता टिकून राहणे. मराठी बायबलने त्यासाठी ‘धीर’ घेतला आणि नकळत अर्थात भर पडली. कारण आपण धीर धरतो तसा देतोही. घरात कुणी गेले की शेजारची बाई येऊन बसते, ती धीर द्यायलाच. माझे म्हणणे एवढेच की मराठी ख्रिस्ती चरित्रे वाचताना कुणी किती सोसले याची मोजदाद पुरेशी नाही. धीर कुणी कुणाला दिला, हेही शोधायला हवे.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेली. त्या वेळी त्या ख्रिस्ती नव्हत्या. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. दुष्काळाने त्यांना श्रद्धा दिली, असे भाविक चरित्रकार लिहून जातात, ते मला पटत नाही. भुकेने माणसे मरतात, तिला कुणाच्या आत्मिक प्रगतीची पायरी करू नये. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि अनाथ मुली-बायांना घेऊन आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपासमार म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतले, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या हातांत मिशनमधल्या बायकांचेही हात होते. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई वारल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा निराळी. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि बाईंचा संसार उधळला. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा. मधली वर्षे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचताना हसू येते आणि मग आपण कशाला हसलो याची लाज वाटते. नवऱ्याच्या धर्मावर त्यांचा राग होता, नवऱ्यावर माया होती, आणि सोवळे एका दिवसात सुटले नाही. या सगळ्यात श्रद्धा नेमकी कुठे शिरली, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. अभ्यासकाने तो अट्टहास करूही नये. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे याच बाईंनी चालवले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईंचे हे काम आहे.

आता मगनवाडी. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरचे तमिळ ख्रिस्ती, लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस. १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचे मंत्री म्हणून ते वर्ध्याच्या मगनवाडीत आले. लाकडी घाणे, हातकागद, मधमाशा, आणि रॉकेलऐवजी गोडेतेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा त्यांचा रोजचा व्याप. बेचाळीसच्या आंदोलनात ते तुरुंगात गेले आणि जबलपूरच्या कोठडीत त्यांनी दोन पुस्तके लिहिली, एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर आणि एक येशूच्या आचरणावर. दुसऱ्याला प्रस्तावना गांधीजींची. चर्चच्या वरिष्ठांशी कुमारप्पांचा आधीच खटका उडाला होता. सत्याग्रह ख्रिस्ती माणसाला शोभतो की नाही, यावरून. म्हणजे छळ सरकारचा आणि अबोला आपल्याच माणसांचा. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणारे अभ्यासक मला फार थोडे भेटले. अर्थशास्त्रवाले एक उचलतात, धर्मशास्त्रवाले दुसरे.

एक त्रुटी आधीच कबूल करतो. वरची नावे बहुतेक शिकलेल्या, लिहित्या घरांतली आहेत. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांनी ख्रिस्त स्वीकारला, तेव्हा विहीर, बलुते, गावकी यांचा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचा होता. त्यांचा धीर पुस्तकांपेक्षा भजनात आणि ख्रिस्ती कीर्तनात जास्त सापडतो. टाळ-मृदंगावर येशूचे आख्यान लावण्याची ती परंपरा अजून नीट नोंदली गेलेली नाही. या संग्रहात त्यावर एकच लेख आहे. नव्याने येणाऱ्याने इथूनच काम सुरू करावे, असे मला वाटते. सोबत टेपरेकॉर्डर आणि भरपूर वेळ हवा.

वाचनाचा क्रम विचाराल तर आधी ‘स्मृतिचित्रे’, मग कुमारप्पा. विनोबांचे सार नंतर. ते आधी वाचले की सगळे फार सोपे वाटू लागते. वर्ध्याला आलात तर मगन संग्रहालयात जरूर जा, घाण्यापाशी थोडे थांबा. तिथून पवनारला बस मिळते.