भिंतीवरचा नकाशा आणि पडद्यावरचा नकाशा

हवामानशास्त्राचा इतिहास म्हटला की यंत्रांची यादी ऐकावयास मिळते. वायुभारमापक आला, तारायंत्र आले, गणकयंत्र आले. पण हे शास्त्र विद्यार्थ्यांच्या अंगी कसे भिनले, हे पाहावयाचे तर कागदाकडे वळले पाहिजे. आम्ही अमेरिकेतील विद्यापीठांचे उदाहरण घेतो. कागद जाऊन पडदा कसा आला, हे तेथे स्पष्ट दिसते.

तेथील लष्कराच्या सिग्नल खात्याने 1871 पासून रोजचे हवामान-नकाशे काढले. येलचे प्राध्यापक एलायस लूमिस यांनी त्या खात्याच्या वेधांवरून व नकाशांवरून 1874 ते 1889 या काळात 23 निबंध लिहिले. वादळे कोणत्या वाटेने व किती वेगाने जातात, ते शोधले. दर्यावर्द्याच्या लेखी कालचा नकाशा म्हणजे रद्दी. अध्यापकाला मात्र तो ठेवा वाटला.

दुसऱ्या महायुद्धात शिकागो, एम. आय. टी. आदी पाच विद्यापीठांनी हजारो हवामान-अधिकारी तयार केले. या विद्येत मुख्य अभ्यास नकाशाचाच. वेधस्थानाच्या डावीकडे वर तापमान, खाली दवबिंदू, उजवीकडे वर वायुभाराचे तीन आकडे. 132 लिहिले की 1013.2 मिलिबार समजावयाचे. मग शिसपेन्सिलीने समभाररेषा ओढावयाच्या. मध्येच एखादा आकडा शेजाऱ्यांशी जुळत नाही. वेध घेणारा चुकला, की तेथे खरोखरच लहानसे आवर्त जन्मत आहे? रेषा वळवावयाची की आकडा सोडून द्यावयाचा? खोडरबर झिजतो तो येथे, आणि विद्यार्थी हवामानज्ञ होतो तोही येथेच.

पुढे फॅक्सयंत्रातून तयार नकाशे येऊ लागले व विभागांच्या भिंतींवर लटकू लागले. 1984 मध्ये युनिडेटा ही योजना निघाली. विद्यापीठांना ताजे वेध थेट मिळावेत हा तिचा हेतू. आधी उपग्रहामार्फत व 1990 नंतरच्या दशकात इंटरनेटवरून ही सामग्री वाहू लागली. जुन्या कागदासाठी हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. भिंतभर नकाशे ज्याला परवडत नसत, त्या लहान महाविद्यालयालाही आता मोठ्या विद्यापीठाइतकेच वेध मिळू लागले. हा लाभ थोडा नव्हे.

तरी पडद्यावरचा नकाशा रेषा ओढूनच येतो, ही आमची खरी तक्रार. रेषा किती अंतराने ओढावी हा निर्णय दुसऱ्याच कोणी घेतलेला असतो. अमेरिकेत ती 4 मिलिबारांनी ओढतात. तोच हिशेब आपल्याकडे लावला, तर बंगालच्या उपसागरातला एखादा क्षीण पट्टा दोन रेषांमध्ये गडप व्हायचा. म्हणून आपले खाते 2 मिलिबारांनी ओढते. हाताने ओढणाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

दुसरे असे की, छापील नकाशा कपाटात राहतो. वाहती सामग्री पैशावर चालते. मे 2025 मध्ये निधी अडल्यामुळे युनिडेटाला बहुतेक काम थांबवावे लागले, ही गोष्ट ताजी आहे.

काही अध्यापकांनी यातून मध्यम मार्ग काढला आहे. इंटरनेटवरून नुसते आकडे घ्यावयाचे, रेषा न ओढलेला कोरा नकाशा छापावयाचा, आणि तो शिसपेन्सिलीसह विद्यार्थ्यापुढे ठेवावयाचा. गणकयंत्राने ओढलेला नकाशा त्याला नंतर दाखवितात.